सगळ्यांनी सांभाळलेला दोर

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे. विहिरीवरचा नव्हे की गोठ्यातलाही नव्हे; कॉलेजच्या मुलामुलींच्या गिर्यारोहण मंडळाचा, कडे चढण्या-उतरण्याचा दोर.

माझा जन्म कारखान्यात झाला. पांढऱ्या नायलॉनच्या धाग्यांना पीळ देऊन आधी माझा गाभा तयार झाला. मग यंत्राने त्यावर निळ्या धाग्यांची घट्ट वीण चढवली. लोकांना दिसते ती वीण, पण माणसाचा भार पेलतो तो गाभा.

मंडळाच्या खोलीत मी आलो तेव्हा साहित्यप्रमुख होती एक ठेंगणी मुलगी. सारखं काहीतरी उचलून नेत असायची, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणत. मोहिमेवरून परतल्यावर बाकीचे पाय पसरून बसत, तेव्हा ती मला मांडीवर घेई आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटांतून सरकवी. कुठे मऊ पडलाय का, कुठे फुगलाय का, कुठे रंग उडालाय का.

"वेणी घालतेस का त्याची?" मुलं चिडवायची.

"उद्या तुझं वजन हाच धरणार आहे ना? मग गप बस," ती म्हणायची.

तिचा आणखी एक नियम होता. उतरणाऱ्या माणसाला दोन दोर हवेत. एक उतरायला, दुसरा जिवाला. तिच्या वर्षात चारच मोहिमा झाल्या. तिचं कौतुक फारसं कुणी केलं नाही, पण सगळे धडधाकट घरी गेले.

मुंगी शिकून बाहेर पडली आणि नवी कार्यकारिणी बसली. नवा अध्यक्ष बोलका, उत्साही. मनाने मुळीच वाईट नव्हता. त्याने उभं राहून सांगितलं, "यंदा बारा मोहिमा करायच्या." टाळ्यांनी खोली दणाणली. मग पदं वाटायला घेतली. उपाध्यक्ष व्हायला तिघे तयार, प्रसिद्धीप्रमुख व्हायला चौघे. साहित्यप्रमुखाचं नाव निघालं तसे सगळे आपापली नखं न्याहाळू लागले.

सचिव झालेल्या मुलीने हळूच विचारलं, "मग दोर कोण बघणार?"

"अगं, दोर सगळ्यांचा आहे. सगळे मिळून बघू."

"सगळे मिळून म्हणजे कसं?"

"ज्याला जमेल त्याने. पुढचा विषय घे."

बारभाईंची शेती म्हणतात ती हीच. त्या दिवसापासून माझ्यावरून कुणाचं बोट फिरलं नाही. खोलीत फलक आले, कर्णे आले आणि कर्ण्याची एक जुनी बॅटरी माझ्या वरच्या फळीवर आली. ती झिरपत होती. तिचं तेजाब थेंब थेंब माझ्या अंगावर पडत राहिलं. वरून वीण जराशी फिकट दिसे, एवढंच. आत गाभा जळत होता. मला कळत होतं, पण दोराला तोंड नसतं.

वर्ष सरत आलं आणि निम्म्या मोहिमाही झाल्या नव्हत्या. अध्यक्ष म्हणाला, "दोन तुकड्या करू. एकाच दिवशी दोन कडे." मग मंडळाचे दोन दोरही वाटले गेले. एकेका तुकडीच्या वाट्याला एकच दोर आला.

"आणि जिवाचा दोर?" सचिवाने विचारलं.

"एवढ्या वेळेला चालवून घे. आता मागे हटलो तर हसं होईल."

तिने यादीतून दुसरा दोर खोडला.

आमच्या कड्यावर पहिला उतरला खजिनदार. ताडमाड उंच, म्हणून सगळे त्याला लंबू म्हणत. कडेला पाठ करून उभा राहत तो सचिवाला म्हणाला, "मी आधी खाली पोचतोय. तुझा डबा संपला तर रडायचं नाही."

ती हसली. तो दोन-तीन ढांगांत दिसेनासा झाला. कड्याच्या मध्यावर माझ्या त्या फिकट जागेवर त्याचा भार आला आणि मी तुटलो. फार आवाज झाला नाही. वरच्यांना आधी कळलंच नाही. सचिवाच्या हातातला माझा तुकडा एकदम हलका झाला, तेव्हा कळलं.

लंबू दवाखान्यात जिवंत पोचला नाही.

काही दिवसांनी त्याची आई त्याच्या वस्तू न्यायला खोलीत आली. त्याचे बूट तिने पिशवीत घातले. कोपऱ्यात मी पडलो होतो. तिने माझं तुटलेलं टोक हातात घेतलं, बराच वेळ चाचपलं.

"हा कोण बघायचं?" तिने विचारलं.

अध्यक्ष म्हणाला, "सगळेच बघायचो, काकू."

"सगळे म्हणजे कोण, बाळा?"

ती पिशवी उचलून गेली. अध्यक्षाने त्याच आठवड्यात पद सोडलं; पुढे तो कॉलेजातही दिसला नाही. सचिवाने साहित्यप्रमुखपद मागून घेतलं. चुकूनही कुणी मला वापरू नये म्हणून तिने माझे हातभर तुकडे केले. आता त्या तुकड्यांवर नवी मुलं गाठी मारायला शिकतात.

मित्रांनो, मोठी उद्दिष्टं जरूर ठेवा. पण ज्या पदाला टाळ्या मिळत नाहीत, ते पद आधी भरा, आणि प्रत्येक कामाला एका माणसाचं नाव द्या. माझ्यासारखं काहीतरी तुमच्याही मंडळाच्या कोपऱ्यात पडलेलं असेल. हे वाचून झालं की उठा, आणि त्यावरून एकदा स्वतः हात फिरवा.