खांद्याएवढी पांढरी कड

सरांच्या दारात सकाळपासून रांग होती. चपलांचा ढीग एवढा, की खुद्द सरांना आपल्या घरात शिरायला वाट उरली नव्हती. आतल्या खोलीच्या भिंतीवर जमिनीपासून वर पांढरी भुकटी उमलत होती. हिवाळ्यात याच खोलीत सरांची एकुलती एक मुलगी तापाने गेली. भुकटीची वरची कड बरोबर तिच्या खांद्याशी येत होती. आईने तिचा फ्रॉक भिंतीला लावून पाहिला होता.

ही बातमी ऐकून आलेल्या एका बाबांनी तिथेच मुक्काम ठोकला होता. रोज संध्याकाळी ते भिंत पाण्याने धुऊन घेत आणि सांगत, "पोरीला यायचं असेल, तर ती पहाटे येईलच." पहाटे भुकटी हजर. लोक हात जोडत, बाबा डोळे मिटत. कोण फळं घेऊन आलं आणि कोण हात हलवत आलं, ते मात्र त्यांना मिटल्या डोळ्यांनीही अचूक कळे.

सर शाळेत भूगोल शिकवत. भुकटी कसली, हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. पण मुलगी गेल्यापासून त्यांच्या आत काही हलतच नव्हतं, आणि मुकी झालेली बायको या भिंतीपाशी बोलू लागली होती. सरांनी तोंडाला कुलूप लावलं.

मग बाबांनी फर्मान काढलं. "अन्न सोड, बाई. ही भुकटी तेवढी पाण्यातून घे. आईचं पोट रिकामं झालं, की लेकरू तिथे परत येतं." बाईंनी अन्न सोडलं. उलट्या सुरू झाल्या. डॉक्टर येऊन बजावून गेले, की हे खारं पाणी मूत्रपिंडं निकामी करील. बाईंनी ऐकून घेतलं आणि पेला पुन्हा तोंडाला लावला.

एका दुपारी त्या भिंतीपाशीच कोसळल्या. सरांनी उचललं, तर हाताला वजनच लागेना. कित्येक महिन्यांनी सरांना काहीतरी वाटलं. ती भीती होती.

बाबांशी त्यांनी वाद घातला नाही. बायकोला सावरत ते शेजारच्या शिंप्याकडे गेले. रांगही मागोमाग आली, बाबाही आले. तमाशा कुणाला नको असतो? सरांनी शिंप्याला भिंतीलगतचं कपाट सरकवायला सांगितलं. तो ओशाळला. "ओल आहे हो मागे, सर. दर उन्हाळ्यात फुलते."

कपाट सरकलं. तीच भुकटी, तेवढीच उंच. बाईंनी कमरेला खोचलेला फ्रॉक काढून भिंतीला लावला. कड खांद्याशी आली.

"यांच्याकडे कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

"कुणीच नाही," सर म्हणाले.

मग वर्गातल्या सपाट आवाजात त्यांनी सगळ्यांना सांगितलं. वरच्या डोंगरांतला खडक झिजतो, त्यातले क्षार नद्यांबरोबर खाली येतात. आपला हा सगळा सखल मुलूख म्हणजे एक ताटच. माती चिकण, पाण्याला निचरा नाही. कालवा आल्यापासून जमिनीतलं पाणी घरांच्या पायापर्यंत चढलं. चहा बिस्किटात चढतो, तसं ते विटांत चढतं. कोरड्या हवेत पाणी उडून जातं, क्षार भिंतीवर राहतात. गल्लीत माती एक, विटा एक, म्हणून उंचीही एकच. "आणि रोज भिंत धुऊन तुम्ही तिला आणखी पाणी पाजता."

बाबा म्हणाले, की विज्ञान संपतं तिथून आपली हद्द सुरू होते.

"शिंप्याच्या कपाटामागेही तुमचीच हद्द का?" सरांनी विचारलं. कुणीतरी फिसकन हसलं. बाबांनी सरांच्या घरातली फळं गोळा केली आणि काढता पाय घेतला.

घरी आल्यावर बाईंनी विचारलं, "तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"हो. तू बोलायला लागली होतीस, म्हणून गप्प बसलो."

"ती नाहीच ना आता कुठे?"

"नाही."

माणूस गेल्याचं दुःख कुठल्याच भुकटीने जात नाही. जातो तो विचार, आणि मग मागे राहिलेलं माणूसही जायला वेळ लागत नाही. चमत्कार दिसला तर हात जोडायच्या आधी विचारा: हे आणखी कुठे घडतं? का घडतं? एवढं विचारल्याने गेलेल्याचा अपमान होत नाही.

सरांनी दोन ताटं वाढली. बाईंनी पहिला घास घेतला आणि त्या रडू लागल्या. सरांना रडू आलं नाही. भूक मात्र लागली.