गूळ खाल्लेल्या चोऱ्या

निजामाच्या अमलात कचेऱ्या उर्दूत चालत, आणि उर्दू लिहिता येणारा कुणब्याचा मुलगा दहा गावांत एखादाच सापडे. अंकुशराव त्यांतले. हुलसूरकडच्या एका खेड्यातून ते तालुक्याला आले आणि मुन्सफाचे पेशकार झाले. साहेबांसमोर खटल्याचे कागद ठेवायचे, निकाल झाला की आरोपीला त्याच्या भाषेत समजावून सांगायचा, हे त्यांचं काम.

त्या फाल्गुनात सोमला नावाच्या लमाण्याचा खटला उभा राहिला. अंकुशरावांच्याच गावच्या मल्लप्पाच्या खळ्यावरून गोणीभर कणसं नेताना त्याला धरलं होतं. मुन्सफ साहेब हैदराबादेहून नवेच आलेले, मनाचे सरळ. निकालाआधी त्यांनी अंकुशरावांना जवळ बोलावलं.

"पेशकारसाब, बाजारात लोक बोलतात, इथं लमाण्याला सजा जादा आणि कुणब्याला कमी. खरं का खोटं, जुने निकाल बघून सांगा. खरं असेल तर ह्याला मी ताकीद देऊन सोडतो."

अंकुशराव कामाला लागले. चोरीबद्दल लमाण्यांना तीन महिने, कुणब्यांनाही तीनच महिने. त्यांना हायसं वाटलं. मग सहज ते गुन्हे वाचायला लागले. एका कुणब्यानं भिंत फोडून घरातली भांडी नेली होती, दुसऱ्यानं बैलजोडी हाकलली होती. लमाण्यांनी कणसं नेली होती, कडब्याच्या पेंढ्या नेल्या होत्या. कणसं चोरणारा कुणबी एकही नव्हता.

का नव्हता, ते अंकुशरावांना पक्कं ठाऊक होतं. त्यांच्या गावची रीतच तशी. घरच्या माणसानं चोरी केली की पाटील त्याला मारुतीपुढं नारळ फोडायला लावी आणि गूळ वाटी. गूळ खाल्ला त्यानं त्या चोरीचं नाव पुन्हा काढायचं नाही. तांड्यावरच्या माणसाला देवळाची पायरीच चढू देत नसत. त्याच्यासाठी कुठला नारळ नि कुठला गूळ? तो सरळ चौकीत जाई.

सोमल्याच्या चार दिवस आधी ह्याच खळ्यावरून त्यांच्या भाच्यानं, श्रीमंतानं, शिंदीच्या नादात गोणीभर कणसं पळवली होती. मारुतीपुढं नारळ फुटला तेव्हा अंकुशराव गावी गेलेले होते, आणि गुळाचा पहिला खडा त्यांच्याच हातावर पडला होता.

"सजा सारखीच दिसते, साहेब," ते मुन्सफांना म्हणाले. "पण..."

"पण काय?"

"सगळ्या चोऱ्या इथवर येत नाहीत. आमच्या लोकांच्या गावातच मिटतात."

"किती मिटतात?"

"त्याची मोजदाद कुठंच नाही, साहेब."

"मग मी निकाल कशावर लिहू? हवेवर?" साहेबांनी लेखणी खाली ठेवली. "एक नाव द्या. एकच. तेवढ्यावर मी ह्याला सोडतो."

दाराबाहेर सोमल्याची बायको तान्हं मूल मांडीवर घेऊन भिंतीला टेकली होती. अंकुशरावांनी तोंड उघडलं. बहिणीचा चेहरा त्यांच्या डोळ्यांपुढं आला, श्रीमंताची ठरलेली सोयरीक आली.

"नाव... आठवत नाही, साहेब."

 साहेबांनी लेखणी उचलली.

सोमल्याला निकाल अंकुशरावांनीच सांगितला. "तीन महिने."

"अण्णा," सोमल्यानं विचारलं, "एका गोणीला समद्यांलाच एवढी असतीया का?"

"व्हय," अंकुशराव म्हणाले, आणि कागद आवरायला खाली वाकले.

संध्याकाळी घरी आले तर श्रीमंत ओसरीवर पाय पसरून बसलेला. लग्नाचं बोलायला आला होता.

"मामा, त्या लमाण्याचं काय झालं?"

"तीन महिने."

"आयला! एका गोणीला?" श्रीमंत हसायला लागला. "मामा, आपल्याला मारुती हाय म्हणून बरं हाय बगा!"

आतून त्यांची बायको राजूबाई म्हणाली, "भाच्याला हसवायलात जणू आज! पाय धुवा की आधी, उभेच कामून?"

अंकुशरावांनी भाच्याच्या थोबाडीत मारायला हात उचलला. श्रीमंत हसायचा थांबला, बावरून बघायला लागला. हात तसाच वर राहिला. गुळासाठी पुढं केला होता तो हाच. अंकुशरावांनी तो धोतराला पुसला, पुन्हा पुसला, आणि आत गेले.