मला अंगणातच राहू द्या

माझ्या टाकीत आज थेंबभरही पेट्रोल नाही, त्यामुळे बोलायला सवड आहे. मी जनरेटर. दोन माणसांनी दोन बाजूंनी धरून उचलावा एवढा. अंगावरचा हिरवा रंग आता जागोजाग उडाला आहे आणि सुरू करायची दोरीही तुटली आहे.

माझा जन्म मद्रासकडच्या एका कारखान्यात झाला. तिथून रेल्वेने मी खामगावला आलो आणि माणिकराव नावाच्या दुकानदाराकडे पंप आणि इंजिनांच्या रांगेत उभा राहिलो. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा आठ-नऊ वर्षं झाली होती. गावोगाव विजेचे खांब पोचत होते, पण वारा सुटला की वीज जायची ती चार-चार दिवस यायची नाही.

एके दिवशी दुकानात पांढऱ्या लुगड्यातली एक बाई आली. तिच्या मागे तिचा नवरा होता. सिंधूताई आणि कचरू. सिंधूताई बीबी नावाच्या गावात बाळंतपणं करायची. शिकलेली नर्स होती, घराला लागून तिची दोन खाटांची खोली होती. शहरातले डॉक्टर डोळ्यांच्या ऑपरेशनची शिबिरं भरवायचे, तिथेही ती जायची. तिला शिबिरालाही आणि घरालाही चालेल असं मशीन हवं होतं.

माणिकरावांनी आधी मोठं डिझेलचं मशीन दाखवलं.

"हे अख्ख्या लग्नाले पुरते," ते म्हणाले.

"मले लग्न नाही करायचं, बाळंतपण करायचं हाय," सिंधूताई म्हणाली. "हे छकड्यात चढवाले किती माणसं लागतीन?"

"सहा तरी."

ती पुढे सरकली. दुसरं एक जुनं मशीन स्वस्तात मिळत होतं. कचरूला ते आवडलं होतं, पण त्याचं सामान फक्त मुंबईला मिळतं हे कळल्यावर तिने मान हलवली. मग ती माझ्यासमोर थांबली. किती दिवे लागतात, टाकी भरली की किती वेळ चालतो, बिघडला तर खामगावात दुरुस्त होतो का, असं सगळं विचारून घेतलं. शेवटी पदर खोचून म्हणाली, "मी एकटीनं चालू करून पाह्यते." तिने दोरी ओढली. दोनदा मी नुसता खोकलो, तिसऱ्यांदा धडधडलो. तिच्या चेहऱ्यावर जे हसू आलं, ते मला अजून आठवतं.

निघताना माणिकराव म्हणाले, "बाई, एक ध्यानात ठेवा. याले घरात लावू नका."

"काऊन?" कचरूने विचारलं.

"याच्या धुरात इख असते. वास येते न येते, अन् माणूस झोपल्या झोपल्या जाते."

सिंधूताईने ते नीट ऐकलं. बीबीला आल्यावर तिने घरामागे लांब मोकळ्या जागी चार बल्ल्या रोवून वर पत्रा टाकला. भिंती नाहीत. तेच माझं घर. वायर मात्र तिने लांबलचक घेतली.

सुरुवातीची वर्षं चांगली गेली. सुलतानपूरच्या शाळेत शिबिर भरलं तेव्हा मी बाहेर लिंबाखाली होतो आणि आत वर्गात माझ्या उजेडात डोळ्यांची ऑपरेशनं चालली होती. पट्टी सुटल्यावर वच्छलाबाई नावाची एक म्हातारी चाचपडत माझ्यापाशी आली. आठ दिवस ती माझा आवाजच ऐकत होती. मला खालीवर न्याहाळून म्हणाली, "एवढंसंच हाय व्हय हे! मले वाटलं, हत्तीएवढं असंन." मी त्या दिवशी खूश होतो.

माणसांच्या काही रीती मात्र मला कळल्या नाहीत. सिंधूताईचं घर बौद्धवाड्यात. गावातल्या मोठ्या घरांत बाळंतपण अडलं की तिला बोलावणं यायचं, बाळ पहिल्यांदा तिच्याच हातात यायचं. पण चहा द्यायचा झाला की तिचा कप वेगळा. ती चहा प्यायची, कप विसळून पालथा ठेवायची आणि पेटी उचलून निघायची.

अशाच एका घरातून श्रावणात बोलावणं आलं. उकंडराव हे गावातलं वजनदार माणूस. त्यांच्या मुलाची, सहदेवची बायको रुख्मिणी अडली होती, पहिलंच बाळंतपण होतं, म्हणून तिची आईही येऊन राहिली होती. दोन दिवसांच्या वाऱ्यापावसाने वीज गेलेली. सिंधूताईने मला सोबत घेतलं, अंगणात उतरवलं आणि वायर खोलीत नेली. दुपारी मुलगी झाली. आवाज खणखणीत होता.

रुख्मिणीला रक्त जरा जास्त जात होतं. सिंधूताईने टाके घातले, सगळं आटोक्यात आणलं. तेवढ्यात शेजारच्या वस्तीवरून दुसऱ्या बाईसाठी निरोप आला. खोलीत दिवसाही अंधार होता, कारण बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून खिडकीत पोती कोंबली होती. सिंधूताई रुख्मिणीच्या आईला, झुंबरबाईला म्हणाली, "दिवा चालू ठेवते. मधूनमधून कपडा पाहत जा, रक्त वाढलं तर लगेच माणूस धाडा." मग अंगणात येऊन उकंडरावांना म्हणाली, "आबाजी, मशीन इथंच राहू द्या. आत नेऊ नका."

"हाव," ते म्हणाले.

सहदेव तिला छकड्यात घालून घेऊन गेला.

थोड्या वेळाने पाऊस आला. उकंडरावांनी माझ्यावर पोतं टाकलं. ते तापलेल्या सायलेन्सरला लागून जळू लागलं, तेव्हा त्यांनी ते ओढून फेकलं आणि गड्याला हाक मारली. दोघांनी मला उचलून पडवीत, रुख्मिणीच्या खोलीच्या दाराशी ठेवलं. "दुसऱ्याची वस्तू हाय बाप्पा, खराब नाही झाली पाह्यजे," ते गड्याला म्हणाले. पावसाची झड आत येत होती, म्हणून जाताना त्यांनी पडवीचं दार ओढून घेतलं.

सोजराबाई, म्हणजे रुख्मिणीची सासू, बाळाला शेकायला अंगणापलीकडच्या स्वयंपाकघरात घेऊन गेली होती. उकंडरावही तिकडे चुलीपाशी जाऊन बसले.

मी चालत राहिलो. मला स्वतःहून थांबता येत नाही, खटका माणसाच्या हातात असतो. माझा श्वास भिंतीला लागून परत येत होता आणि दाराखालच्या फटीतून खोलीत शिरत होता. आतलं बोलणं मला ऐकू येत होतं.

"आई, डोकं लय दुखून राह्यलं."

"दुखतेच बाई. पडून राह्य जराशी."

"पोरगी कुठी हाय?"

"सासूजवळ हाय. झोप तू."

झुंबरबाईने लेकीच्या केसांतून हात फिरवला असेल, तिच्या बांगड्या वाजत होत्या. मग त्याही वाजायच्या थांबल्या.

दिवेलागणीला छकडा परत आला. माझी धडधड बंद घरातून येते आहे हे सिंधूताईला गल्लीतच कळलं. तिने छकड्यातून उडी टाकली, चिखलात पडली, उठून पळाली. दार लोटून आधी माझा खटका बंद केला. खोलीत दोघी मायलेकी झोपल्यासारख्या होत्या. गाल लालसर, जणू तब्येत चांगली आहे. सिंधूताईने आणि सहदेवने दोघींना उचलून पावसात अंगणात आणलं. ती कितीतरी वेळ रुख्मिणीच्या तोंडात श्वास फुंकत राहिली. शेवटी सहदेवनेच तिचा खांदा धरला. दोघी गेल्या होत्या.

"भिजून खराब झाली असती, तुमचं नुकसान झालं असतं," उकंडराव म्हणत होते. "म्हणून आत घेतली, बाई. म्हणून घेतली." ते हेच पुन्हापुन्हा सांगत राहिले.

पंचनामा झाला, पोलीस येऊन गेले. उकंडरावांनी काही लपवलं नाही, पण गावाला ते ऐकायचं नव्हतं. कुणी मला भुताचं मशीन म्हणालं, कुणी सिंधूताईच्या हाताला दोष दिला. तिला बोलावणी यायची बंद झाली. त्या पावसाळ्यात दोन बाया घरीच अडून मेल्या. त्यांच्या घरच्यांनी तिला कळवलंही नाही. सहदेवची मुलगी बकरीच्या दुधावर जगली.

दिवाळीनंतर उकंडराव बौद्धवाड्यात आले, एकटेच, काठी टेकत. बाहेर न थांबता ते सरळ घरात येऊन जमिनीवर बसले. मागचं दार उघडं होतं, मला दिसत होतं.

"बाई, तुम्ही मले सांगतलं होतं ना, आत नेऊ नका म्हणून?"

सिंधूताई तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

"सांगतलं होतं. पण काऊन ते नाही सांगतलं."

"काऊन नाही सांगतलं?"

"तुम्ही मोठे माणूस. मी तुमच्या अंगणात उभी राहून तुम्हाले शिकवावं, हे मलेच जमलं नाही."

 "मीबी इचारलं नाही," म्हातारा म्हणाला. "तुमच्या तोंडी लागून काय इचारायचं, असंच वाटलं असंन मले."

 मग तो उठला आणि गेला. वर्षाच्या आत वारला.

सिंधूताईने मला विकलं नाही. शिबिरांना नेत राहिली, पण कुणाच्या घरी मला एकटं सोडलं नाही. जिथे मला उतरवायची तिथे लहानथोर सगळ्यांना गोळा करून धुराचं सांगायची. कुणी हसलं, कुणी तोंड फिरवलं, तरी पुरतं सांगून झाल्याशिवाय दोरीला हात लावायची नाही. पुढे तिचे गुडघे गेले, माझं इंजिन झिजलं. आता मी पत्र्याखाली पडून असतो आणि माझ्या आडोशाला कोंबड्या अंडी घालतात.

तुम्हीही कधी दुकानात माझ्यासारखा एखादा निवडायला जाल. किती दिवे लागतात, किती वेळ चालतो, किती जड आहे, हे जरूर विचारा. पण घरी मला ठेवायला मोकळी जागा कुठे आहे, हे आधी पाहून जा. आणि दुसऱ्याच्या हाती मला सोपवाल तेव्हा नुसतं 'आत नेऊ नका' म्हणून निघून जाऊ नका. का, तेही सांगा. समोरचा कितीही मोठा असो, किंवा तुम्ही मोठे असा.

माझी काळजी करू नका. मी भिजलो तर गंजेन, एवढंच.