उजेड आला की चाला

मित्रांनो, कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसून आयुष्य काढलेला मी एक जुना फ्लॅश आहे. आज माझ्या काचेवर तपकिरी डाग आहे, पोटातल्या पट्ट्या गंजाने खाल्ल्या आहेत, आणि मी खिडकीच्या कट्ट्यावर एका मऊ फडक्यावर बसलेलो असतो. पण मी नेहमीच असा नव्हतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. जन्माबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही. पट्ट्यावरून सरकत गेलो, कुणीतरी आत तारा जोडल्या, कुणीतरी काच बसवली, एका मुलीने दोनदा चमकवून पाहिले आणि खोक्यात बंद केले. माझ्यासारखे शेकडो होते. आपण कुणाच्या हाती पडणार हे आम्हाला ठाऊक नसते. तुमचेही तसेच असते म्हणा.

मी पडलो एका कॅमेऱ्याच्या दुकानात, काचेच्या कपाटात. माझ्या डाव्या हाताला होता एक लहानसा, खिशात मावणारा फ्लॅश. उजव्या हाताला एक धिप्पाड गडी होता. त्याची ताकद माझ्या दुप्पट. गिऱ्हाइके यायची, त्याच्याकडे बोट दाखवायची, आणि मी मनातल्या मनात खट्टू व्हायचो.

एके दिवशी दुकानात बहीणभाऊ आले. बहीण मोठी. ती फोटोग्राफर होती; लग्ने, समारंभ आणि माणसांचे फोटो काढायची. सगळे तिला ताईच म्हणत. भाऊ धाकटा, स्टुडिओचा गल्ला आणि अंधारखोली सांभाळणारा. नव्या वस्तूंची त्याला भारी हौस. त्याने आल्या आल्या धिप्पाड गड्यावर बोट ठेवले.

"ताई, हाच. बघ काय दणकट आहे!"

"नजर आहे हं तुमची," दुकानदार म्हणाला. "अख्खा हॉल उजळून निघेल."

"हॉल उजळून काय करू?" ताई म्हणाली. "मला माणसं हवीत. एकदा चमकल्यावर हा पुन्हा तयार व्हायला किती वेळ घेतो?"

दुकानदाराने कान खाजवला. "घेतो जरासा. ताकद मोठी आहे ना."

"तेवढ्यात सगळं होऊन जातं हो. पोरगी सासरी निघताना बापाच्या डोळ्यांत पाणी येतं, ते माझ्यासाठी दुसऱ्यांदा थोडंच येणार आहे?"

मग तिने आम्हा तिघांनाही कॅमेऱ्यावर चढवून पाहिले. लहान फ्लॅशचे डोके वळत नव्हते. तो सरळ तोंडावरच चमकायचा. त्याच्या झोतात भावाचा चेहरा पाहून ती म्हणाली, "चौकीत धरून आणल्यासारखा दिसतोयस." माझे डोके मात्र वर वळायचे, बाजूला वळायचे. तिने ते छताकडे केले. माझा उजेड छतावर आपटून, मऊ होऊन भावाच्या चेहऱ्यावर उतरला. ते पाहून ताई हसली. "हं, आता माणसात आलास!"

माझ्या पाठीवर एक चकती होती. ती फिरवली की ताकद कमी-जास्त करता यायची, आणि कमी ताकदीवर तर मी लागोपाठ चमकत राहू शकायचो. ताईने ती चकती फिरवून पाहिली आणि मला पिशवीत टाकले. भाऊ रस्ताभर कुरकुरत होता. मी मात्र हरखून गेलो होतो. माझ्यापेक्षा मोठे असताना मला निवडले होते.

त्यानंतरची वर्षे भराभर गेली. किती माणसे पाहिली मी! नवरदेवाच्या कपाळावरचा घाम पाहिला, बक्षीस घेताना थरथरणारे हात पाहिले, फोटोपुरते एकत्र उभे राहिलेले भांडकुदळ भाऊ पाहिले. म्हातारी माणसे स्टुडिओत यायची तेव्हा ताई मला भिंतीकडे वळवायची. "डोळे दिपणार नाहीत, आजोबा. निवांत बसा," म्हणायची. लोक फोटोचे कौतुक करायचे, कॅमेऱ्याचे करायचे. माझे कुणी केले नाही, पण मला त्याचे वाईट वाटत नसे. आपल्या उजेडात चेहरा खुलला की पुरे, असे मला वाटे.

आणि मग तो दिवस आला.

एका मोठ्या हॉस्पिटलच्या मुख्य परिचारिका निवृत्त होत होत्या. त्यांना सगळे सिस्टरच म्हणत. त्यांचा निरोप समारंभ हॉस्पिटलशेजारच्या इमारतीच्या तळघरातल्या सभागृहात होता. दुपारची वेळ, पण तिथे ना खिडकी ना झरोका. वर जायला एकच अरुंद, वळणाचा जिना. सभागृह माणसांनी गच्च भरले होते. पहिल्या रांगेत चाकांच्या खुर्चीत सिस्टरचे यजमान बसले होते. अर्धांगवायूने त्यांची एक बाजू गेली होती.

भाषण रंगात आले असताना मागच्या कोपऱ्यात काहीतरी फटकन वाजले. सगळे दिवे एकदम गेले. डोळ्यांत बोट घातले तरी दिसू नये असा काळोख पसरला. आणि क्षणभराने जळक्या वायरचा वास आला.

"आग! आग लागली!" कुणीतरी ओरडले.

मग जे झाले ते आठवले की आजही माझी काच थंड पडते. खुर्च्या पडल्या, लहान मुले किंचाळू लागली, सगळा लोंढा एकाच दिशेने रेटू लागला. मित्रांनो, त्या काळी खिशाखिशात टॉर्चवाले फोन नव्हते. एखाद्याने काडी ओढली की दुसऱ्याच्या धक्क्याने विझायची. जिन्याच्या तोंडाशी एक बाई पडली, आणि तिच्या अंगावर आणखी दोघे पडले.

ताईने मला कॅमेऱ्यावरून उतरवले, माझे डोके छताकडे वळवले, आणि मला उंच धरून पाठीवरचे बटण दाबले.

लख्ख!

एका क्षणात सगळ्यांना सगळे दिसले. जिना कुठे आहे, पडलेली बाई कुठे आहे, आपण कुणाला तुडवतो आहोत. पुन्हा काळोख झाला. पण आरडाओरडा थांबला होता.

"ताई, हे पुन्हा करता येईल?" काळोखातून सिस्टरचा आवाज आला.

"येईल. करत राहीन."

"मग ऐका सगळे!" सिस्टरचा आवाज वॉर्डात घुमावा तसा घुमला. "उजेड आला की चाला. गेला की थांबा. कुणी कुणाला ढकलायचं नाही. पोरांना आधी जाऊ द्या!"

ताईने अंधारातच माझी चकती चाचपून ताकद कमी केली, म्हणजे मला पुन्हा तयार व्हायला वेळ लागू नये. लख्ख. माणसे चालली. काळोख. माणसे थांबली. पडलेल्या बाईला हात देऊन उठवले गेले. पुन्हा लख्ख. जिन्यावरून मुले वर गेली, त्यांच्यामागे म्हातारी माणसे गेली. धूर पातळ होता, पण वाढत होता. ताई खोकत होती, तरी तिचा हात खाली आला नाही.

शेवटी राहिले सिस्टर, चाकांच्या खुर्चीतले त्यांचे यजमान आणि दोन वॉर्डबॉय.

"मला राहू दे," यजमान अडखळत म्हणाले. "तू हो पुढे."

"आयुष्यभर एका पेशंटला टाकून गेले नाही, आणि तुम्हाला टाकून जाऊ? गप्प बसा. उचला रे खुर्ची!"

खुर्ची जड होती, जिना वळणाचा होता. प्रत्येक पायरीला उजेड हवा होता. मी तापत चाललो होतो. माझ्या काचेआड प्लॅस्टिक करपल्याचा वास येत होता. ताईच्या बोटांना चटके बसत होते. मला कळत होते, कारण ती हात बदलत होती. मी माझ्यात होते नव्हते तेवढे सगळे दिले. अखेरच्या वळणावर वरून दिवसाचा उजेड दिसला, आणि ताईचे बोट माझ्या बटणावरून निघाले.

रस्त्यावर सगळे होते. एकही माणूस आत राहिला नव्हता. सिस्टर आपल्या यजमानांच्या चेहऱ्यावरची काजळी पदराने पुसत होत्या. मग त्या ताईजवळ आल्या, आणि तिची पोळलेली बोटे त्यांनी हातात घेतली.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात मोठे काम. त्याचा एकही फोटो नाही.

करपलेल्या काचेनिशी मी आणखी काही वर्षे काम केले. मग ताईला श्वासाचा त्रास सुरू झाला. डॉक्टरांनी तिला हवापालटासाठी लांब मावशीकडे पाठवले. स्टुडिओ भावाच्या हाती आला. त्याने नवे फ्लॅश आणले, आणि मला खालच्या खणात टाकून दिले. जुनी वस्तू बाजूला जायचीच. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्याने माझ्या पोटातले सेल काढले नाहीत.

सेल पाझरले. त्यांचे पाणी माझ्या पट्ट्यांवर उतरले. आधी खाज सुटल्यासारखे वाटले, मग आग होऊ लागली. हिरवट-पांढरा थर चढत गेला. खण कुणी उघडला नाही. ओरडायला मला तोंड नव्हते.

ताई बरी होऊन परत आली तेव्हा तिने सगळ्यांत आधी मला शोधले. माझे झाकण उघडताच तिला तो हिरवट-पांढरा थर दिसला.

"सेल काढायला किती वेळ लागतो रे?"

"अगं, जुनाच तर होता..." भाऊ म्हणाला.

ताईने मला त्याच्या हातात दिले. तिच्या बोटांच्या टोकांवर अजून चट्टे होते. भावाने मान खाली घातली. त्या दिवशी तो जेवला नाही.

दुसऱ्या दिवसापासून तो रोज स्टुडिओ उघडण्याआधी मला घेऊन बसू लागला. काडीला कापूस गुंडाळायचा, व्हिनेगरमध्ये बुडवायचा, आणि माझ्या पट्ट्या हळूहळू घासायचा. दुरुस्तीवाल्याने सांगितले होते, "सोडा हो, हा काही आता चमकत नाही." तरी तो बसायचा. घरातले घड्याळ, रेडिओ, वडिलांचे कानाचे यंत्र, सगळे त्याने उघडून पाहिले. जे वापरात नव्हते त्याचे सेल काढून ठेवले.

एका सकाळी त्याने माझ्यात नवे सेल घातले. बटण दाबले. मी चमकलो नाही. आता कधी चमकणारही नाही. पण चमकण्याआधी आम्ही फ्लॅश आतल्या आत एक बारीक शीळ घालतो, सूंऽऽऽ अशी. ती माझ्यातून निघाली.

"ताई!" तो ओरडला. "ताई, इकडे ये, ऐक!"

ती धावत आली. दोघांनी मला मधे धरून कान लावले. मग भावाने स्वतःच्या हाताने माझे सेल काढले आणि मला खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादा खालचा खण असेल. आज तो उघडा. आत जो कुणी असेल त्याला चमकून दाखव म्हणू नका. त्याच्या पोटात काही पाझरते आहे का, एवढे मात्र जरूर पाहा.