काळी काच

हवालदाराने बोटाने मागच्या काचेवर टकटक केली आणि निर्मलाने पुढची काच खाली घेतली.

"ही नाही मॅडम, मागची."

हर्सूल नाक्यावर ऊन चढलं होतं. तिने बटण दाबलं. काळी काच सरकत खाली गेली आणि मागच्या सीटवर बसलेल्या साळूबाई दिसू लागल्या. नवं हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, आणि डाव्या गालापासून गळ्यापर्यंत उतरलेलं पांढरं कोड.

"आईला उन्हाचा त्रास होतो," निर्मला घाईने म्हणाली. "डॉक्टरांनी सांगितलंय."

"व्हय का आजी? ऊन सोसत नाही?"

"मला?" साळूबाई हसल्या. "जन्म गेला बाबा उन्हात. फुलंब्रीच्या बाजारात भाजी घेऊन बसायची मी..." लेकीची पाठ ताठ झालेली त्यांना दिसली. "आता व्हतो. थोडा थोडा व्हतो."

हवालदाराने मान हलवली. "हे बघा मॅडम, पुढच्या-मागच्या काचेतून सत्तर टक्के उजेड आत आला पाहिजे, बाजूच्या काचेतून पन्नास. तीही कंपनीतून आलेली काच. वरून फिल्म चालतच नाही. आजारपणालाही सूट नाही."

निर्मलाला हे माहीत होतं. तिने नियम वाचला होता. फिल्म लावणाऱ्या इलियासनेही "मॅडम, बंदी है, सोच लो," असं म्हटलं होतं. आणि भाजणारे किरण साध्या काचेतूनही फारसे आत येत नाहीत, हे ती कॉलेजात दर वर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवत होती.

"दुपारी काढून घेते. आज मुलीचा साखरपुडा आहे हो."

"मग लवकर काढा. पोरगी वाट बघत असंल."

ती उतरली आणि मागच्या दारातून आत वाकली. फिल्मचं टोक नखाला लागत नव्हतं. साळूबाईंनी तिचा हात बाजूला केला, अंगठ्याने कोपरा उचलला आणि सावकाश ओढला.

"लई चिवट हाय गं. नवी साडी हाय तुझी, तू हो बाजूला. मी काढते."

दोन्ही बाजूंच्या काचा त्यांनीच सोलल्या. काळ्या सुरकुतलेल्या गुंडाळ्या घडी करून पायाशी ठेवल्या.

गाडी पुन्हा निघाली. मुलाच्या आत्यांनी लग्नाच्या बैठकीतच विचारलं होतं, घरात कुणाला कोड नाही ना. निर्मलाने नाही म्हणून सांगितलं होतं. लेकीला, ऋतुजाला, सांगितलं होतं, आजीला ताप आहे, ती येणार नाही. आणि आईला सांगितलं होतं ते खरं. ते ऐकून आई एवढंच म्हणाली होती, "मुलगा तेवढा दाखव. मी गाडीतच बसते, कुणाला दिसणार नाय."

निर्मलाने आरशात पाहिलं. साळूबाईंनी डोक्यावरचा पदर ओढून गालावर घेतला होता आणि दातात धरला होता. भाजीच्या पाटीमागे त्या कधी अशा बसलेल्या तिला आठवत नव्हत्या.

"आई, गरम होईल. पदर काढ."

"असू दे. काच गेली ना."

मंगल कार्यालयाच्या भिंतीमागे, झाडाखाली गाडी लावायची असं तिने ठरवलं होतं. तिथे मंडपवाल्याचा टेम्पो उभा होता. जागा फक्त फाटकाशी होती, दालनाच्या दारासमोर. ती गाडी मागे घेते न घेते तोच नवरा मुलगा स्वतः धावत आला. हाताने इशारे करत त्याने गाडी नीट लावून दिली आणि मागच्या खिडकीशी वाकला.

"या ना आजी. तुम्ही...?"

निर्मलाच्या हातात किल्ली होती. तिचं पातं ती उघडमीट करत राहिली.

"मी ह्यांच्या शेजारची," पदराआडून साळूबाई म्हणाल्या. "पुढं दवाखान्यात जायचंय मला. वाटेत सोडतेत."

"मग सरबत तरी घ्या आत येऊन."

"नगं बाबा. कार्य उरका तुमचं. मी बसते निवांत." त्या त्याच्याकडे बघतच राहिल्या. "लई गोड हाईस रे."

तो हसला. निर्मलाने चारही काचा थोड्या खाली घेतल्या, पर्स उचलली आणि त्याच्यासोबत आत गेली.

आत पाट मांडले होते. आत्यांनी तिला हाताला धरून पुढे बसवलं. ऋतुजा पाटावर बसली होती, दाराकडे तोंड करून. भटजींनी तिच्या हातावर अक्षता ठेवल्या. समोर अंगण, फाटक, आणि उन्हात उभी असलेली गाडी. काच इतकी स्वच्छ होती की आतलं हिरवं लुगडं ओळखू येत होतं. कुणी बघत नाही असं वाटून साळूबाईंनी पदर खाली सोडला होता आणि त्याच पदराने त्या वारा घेत होत्या.

ऋतुजा अर्धवट उठली. अक्षता सांडल्या.

"आई, आजी आलीय!" ती म्हणाली. "तिला ताप आहे ना? मग गाडीत का बसवलंस तिला?"

आत्या दाराकडे वळल्या. एकेक करून सगळ्यांच्या माना वळल्या.

फक्त नवऱ्या मुलाने गाडीकडे पाहिलं नाही. तो निर्मलाकडे बघत होता.