समोरच्याने परत सांगायचं

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर खुर्च्या मांडताना ताईंना जांभई आवरेना. रविवारची दुपार. वरची आळी आणि खालची आळी यांच्यातल्या जाहीर संवादाची ही कितवी बैठक, हे मोजणं त्यांनी केव्हाच सोडून दिलं होतं. खुर्च्या गोलात मांडायच्या असं शांतता समितीचं म्हणणं होतं. पण गोल केला तरी माणसं आपापल्या आळीच्या बाजूलाच बसत, आणि मधल्या दोन खुर्च्या रिकाम्या राहत. हल्ली लोक त्यांच्यावर पिशव्या ठेवू लागले होते. प्रगती म्हणायची तर तेवढीच.

ताई कुटुंब न्यायालयात समुपदेशक होत्या. दंगलीनंतर समितीने त्यांना गळ घातली आणि त्या अडकल्या. संवादाचा नियम तसा साधा होता. एकाने बोलायचं, मग दुसऱ्या आळीतल्या कुणीतरी तेच आपल्या तोंडाने परत सांगायचं. बोलणारा ‘हो, हेच म्हणालो’ म्हणाला की मगच पुढे जायचं. या नियमापायी पहिल्याच बैठकीत दोघांनी एकमेकांची गचांडी धरली. तेव्हापासून परत सांगायचं काम ताईंनी स्वतःकडे घेतलं. सगळी नोकरी नवराबायकोंच्या भांडणात गेलेली. कुठल्या वाक्याची धार कशी घालवायची, हे त्यांना झोपेतही जमलं असतं. कुणी म्हणालं, ‘ह्या हरामखोरांनी माझं घर पेटवलं,’ की ताई म्हणत, ‘यांच्या घराचं मोठं नुकसान झालं.’ बोलणाराही दमलेला असे. ‘हो, तेच ते,’ म्हणून तो खाली बसे. खालच्या आळीतल्या पोरांनी त्यांना ‘इस्त्रीवाल्या बाई’ असं नाव ठेवलं होतं. ताईंच्या ते कानावर आलं होतं, पण राग आला नव्हता. इस्त्री फिरत होती म्हणूनच इतके दिवस कुणाच्या डोक्यात खुर्ची बसली नव्हती.

समितीचे सचिव धापा टाकत जिना चढून आले.

“ताई, तुमचे दादा आलेत खाली.”

“कुणाचे?”

“अहो, तुमचे! सख्खे! चपला काढतायत.”

ताईंनी हातातली खुर्ची खाली ठेवली.

दंगलीत दादांचा एकुलता एक मुलगा मारला गेला होता. ताई त्याच्या आत्या. तेराव्या वर्षापर्यंत शाळेतून आला की तो आधी आत्याकडे जेवायचा, मग घरी जाऊन पुन्हा जेवायचा. ताईंनी समितीचं काम घेतलं आणि दादांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. घरं भिंतीला भिंत लागून. किराणा दुकानात समोरासमोर आले तरी दादा साबणाच्या वडीवरची किंमत वाचत उभे राहायचे. आजवर एकाही बैठकीला ते फिरकले नव्हते, आणि ते नाहीत म्हणून खालची आळी कशावरही सही करत नव्हती. दंगलीनंतर दोन आळ्यांमधली गल्ली बंद करायला ठोकलेले पत्रे अजून तसेच होते.

“आज ते शेवटपर्यंत बसले ना, की पत्रे निघालेच म्हणून समजा,” सचिव कुजबुजले. “बाकी काही करू नका. फक्त त्यांना उठू देऊ नका.”

दादा आले आणि पिशवी बाजूला सारून मधल्या दोन रिकाम्या खुर्च्यांपैकी एकीवर बसले. आता त्यांच्या आणि वरच्या आळीच्या मध्ये एकच खुर्ची उरली, आणि तिच्या पलीकडे टायरवाला होता. गल्लीच्या तोंडाशी त्याचं पंक्चरचं दुकान. प्रत्येक बैठकीला यायचा, हातांची घडी घालून बसायचा, आणि चहा फिक्का आहे यापलीकडे चकार शब्द काढायचा नाही.

“मला बोलायचंय,” दादा म्हणाले.

आयुष्यभर बसमध्ये कंडक्टर म्हणून ओरडलेला आवाज. हळू बोलायचं म्हटलं तरी शेवटच्या भिंतीपर्यंत जायचा.

“माझ्या पोराला तुमच्या आळीतल्या लोकांनी लोखंडी पायपांनी मारलं. तो पळत ह्याच्या दुकानाशी आला.” त्यांनी मान वळवली नाही, नुसता हात टायरवाल्याकडे केला. “शटर ठोकत होता. आत दिवा होता. ह्याने उघडलं नाही. पोर शटरला टेकून मेलं.”

सगळ्यांचे डोळे ताईंकडे वळले. वरच्या आळीतली दोन माणसं खुर्चीच्या कडेवर आली होती. ताईंना वाटलं, आता एक वाक्य चुकलं तर सगळं मुसळ केरात. त्यांनी घसा साफ केला आणि जिभेला जी सवय होती तेच झालं.

“दादांचं म्हणणं असं आहे, की त्या दिवशी जे दुर्दैवी घडलं, त्यात आपण एक तरुण मुलगा गमावला. आणि त्याला वेळेवर मदत मिळू शकली नाही.”

“गमावला?” दादा म्हणाले. “कुठे ठेवून विसरलो का मी त्याला?”



“दादा, माझा म्हणण्याचा उद्देश...”

“तुझ्या मांडीवर वाढला तो. तू तरी नीट सांगायचं होतंस.” ते उठले. “मी कशाला आलो, देव जाणे. चला.”

सचिवांनी डोळ्यांनी ताईंना खुणा केल्या: थांबवा, थांबवा. काय बोलून थांबवायचं? ताईंना जे बोलायला येत होतं ते सगळं इस्त्री केलेलं होतं.

“बसा,” टायरवाला म्हणाला.

दादा दाराशी थांबले.

“नियम आहे ना, समोरच्याने परत सांगायचं? ह्या बाईंनी कशाला सांगायचं? मी आहे की समोर.” त्याने हातांची घडी सोडली, आता ते हात कुठे ठेवावेत हे त्याला कळेना. “तुमच्या मुलाला आमच्या आळीतल्या लोकांनी पायपांनी मारलं. तो माझं शटर ठोकत होता. मी आत होतो. दिवा होता. मी उघडलं नाही. तो शटरला टेकून... मेला. असंच म्हणालात ना?”

वरच्या आळीतला एक जण तडकला, “अरे, डोकं फिरलंय का तुझं? काय कबूल करतोयस?”

“तू गप्प बस. तू तर त्या दिवशी सासुरवाडीला होतास.”

दादा दारातून परत आले. बसायला वेळ लागला; गुडघे धरून बसले.

“हो,” ते म्हणाले. “हेच म्हणालो.”

आता बोलायची पाळी टायरवाल्याची होती, आणि परत सांगायची दादांची. हे ताईंच्या लक्षात आलं, तसंच सगळ्यांच्याच आलं.

“आत बायको होती, दोन्ही पोरी होत्या,” टायरवाला म्हणाला. “बायकोने माझा शर्ट मागून धरला होता. तुमचा मुलगा काका, काका म्हणत होता. सायकल घेऊन यायचा तो माझ्याकडे, मी आवाज ओळखला. उघडलं असतं तर सगळे आत घुसले असते. कदाचित नसतेही घुसले. हे ‘कदाचित’ आहे ना, ते मला झोपू देत नाही. संपलं.”

दादांनी तोंड उघडलं.

“तुमची बायको... तुमच्या पोरी आत होत्या. बायकोने शर्ट धरला होता. माझा मुलगा...”

ते थांबले. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा तिथेच थांबले. ताईंच्या ओठांवर पुढचं वाक्य तयार होतं, मऊ, सोपं. त्यांनी पदराची कड दातांत धरली.

“काका, काका म्हणत होता, हे मला नाही म्हणवत,” दादा अखेर म्हणाले. “आज नाही जमायचं.”

“नका म्हणू,” टायरवाला म्हणाला. “मलाही आत्ताच जमलं.”

सचिव कागद पुढे करत लगबगीने उठले. “मग निदान गल्लीपुरत्या सह्या...”

“अहो, कसल्या सह्या?” दादा म्हणाले. “त्याचं म्हणणं माझ्या तोंडून पुरं झालं नाही अजून. ते झाल्याशिवाय पत्र्यांना हात लावायचा नाही कुणी.” मग टायरवाल्याला, “पुढच्या रविवारी असशील?”

“असेन.”

“मग येतो. पण मध्ये कुणी नको.”

“कुणी म्हणजे?” सचिवांनी विचारलं.

“ही.” दादांनी बहिणीकडे हात केला. बोलणं टाकल्यापासून त्यांनी तिच्याकडे सरळ पाहिलं ते आत्ताच. “हिला सांगा, त्या वेळी खाली पेपर वाचत बस म्हणावं.”

“अहो, पण त्या नसल्या आणि हातघाईवर आलं तर?”

सचिव ताईंकडे बघत राहिले. ताईंनी आपली बाजू मांडावी, काहीतरी मधलं सुचवावं, अशी त्यांची अपेक्षा होती. ताईंना सुचलंही. दोन वाक्यांत दोघांचंही समाधान झालं असतं.

“बसेन मी खाली,” ताई म्हणाल्या.