तीन इस्पिक

ब्राह्मीनं बोलीच्या डब्यातून ‘एक इस्पिक’चं कार्ड काढून टेबलावर ठेवलं आणि नानासोंनी आपली पानं पुन्हा एकदा मोजली.

हातातली पानं वाईट असती तर बरं झालं असतं. पण इस्पिकची चार पानं होती, त्यात राजा, आणि एक्का-राजा-राणी-गुलामाचे मिळून अकरा पॉइंट. अशा हातावर करायची बोली एकच, तीन इस्पिक. तुझा हुकूम मला पसंत आहे, माझ्याकडं दहा ते बारा पॉइंट आहेत, चारवर जायचं की इथंच थांबायचं ते आता तू ठरव. चाळीस वर्षांत त्यांनी ही बोली किती वेळा केली असेल याची मोजदाद नाही. आज सकाळपासून मात्र ती एकदाही करावी लागली नव्हती, आणि शेवटच्या डावापर्यंत नशीब असंच सांभाळून घेईल असं त्यांना वाटायला लागलं होतं.

सांगलीच्या त्या मंगल कार्यालयात बारा टेबलं मांडली होती. पुढं, लग्नात नवरा-नवरीच्या खुर्च्या असतात तिथं, चषक ठेवला होता. यंदापासून त्याला नाव मिळालं होतं, जिनेंद्र उपाध्ये स्मृती चषक. जिनेंद्र म्हणजे ब्राह्मीचे वडील आणि नानासोंचे खेळातले भागीदार. दिवाळीनंतर गेले. बाबांच्या नावाच्या पहिल्याच स्पर्धेत बाबांच्या खुर्चीत मी बसणार, हा हट्ट तिचाच. औषधांचं दुकान एक दिवस बंद ठेवून ती आली होती, तिला नाही कसं म्हणायचं? शेवटच्या फेरीआधी पडद्यावर गुण लागले तेव्हा ही जोडी पहिली होती आणि चांदसाहेबांची दुसरी, अगदी थोडक्या फरकानं. आता तेच चांदसाहेब नानासोंच्या डाव्या हाताला बसले होते आणि उजव्या हाताला त्यांची भागीदार, भाची सुमैरा. सुमैरानं ‘पास’चं कार्ड ठेवलं. पाळी नानासोंची होती.

ब्रिजमध्ये बोली तोंडानं करत नाहीत, कार्ड ठेवतात. भागीदाराला जे कळतं ते विरुद्ध जोडीलाही कळलं पाहिजे, असा नियम आहे. विरुद्ध जोडीतल्या कुणी अर्थ विचारला तर बोली करणाऱ्यानं गप्प बसायचं आणि त्याच्या भागीदारानं अर्थ सांगायचा. खेळाची सगळी अब्रू या नियमावर टिकून आहे. नानासो आणि जिनेंद्र यांनी तो सोळा वर्षं मोडला होता.

सुरुवात कोयनानगरला झाली. दोघं तिथं प्रकल्पावर नोकरीला होते. कॉलनीच्या क्लबात एकदा जिनेंद्रनी तीनच्या बोलीचं कार्ड ठेवलं आणि जमीन हलली. कोयनेत त्याचं कुणाला अप्रूप नाही. सगळ्यांनी आपापले चहाचे कप धरले, दिव्याकडं एकदा पाहिलं आणि डाव पुढं चालू केला. कार्ड तेवढं तिरकं झालं होतं. नानासो चारवर गेले, जिनेंद्रकडं हुकमाची चार पानं निघाली आणि डाव झाला. पुढच्या खेपेला भूकंप नव्हता. तरी कार्ड तिरकं पडलं, आणि हुकूम चारच निघाले. मग तेच चालू राहिलं. हुकूम तीन असले की कार्ड सरळ, चार असले की तिरकं. यावर दोघांनी कधी एक अक्षर काढलं नाही. काढलं असतं तर ही लबाडी आहे हेही म्हणावं लागलं असतं. ती जिनेंद्रच्या हाताची लकब आहे, आपलाही हात आता तसाच पडतो, अशी नानासोंनी स्वतःची समजूत घालून घेतली होती.

आज सकाळी तिसऱ्या डावात ती समजूत संपली. ब्राह्मीनं त्यांच्या बदामला साथ देत तीनचं कार्ड ठेवलं, आणि ते तिरकं होतं. हुकूम चार निघाले. सातव्या डावात सरळ ठेवलं, तेव्हा तीन. जिनेंद्रनी घरी बसवून पोरीला हेही शिकवलं होतं तर. म्हणजे त्यांच्या मनात ते सगळं शब्दांत होतं. नानासोंना जिनेंद्रचा राग आला, आणि तिरकं कार्ड पाहून आपणही मुकाट चारवर गेलो याचा त्याहून जास्त आला. तेव्हा अर्थ सांगायची पाळी त्यांची होती. “दहा ते बारा पॉइंट,” असं सांगून ते पाणी प्याले होते.

भीती होती ती उलट्या बाजूची. आपण तीन केले, कुणी तिला अर्थ विचारला, आणि ती सांगून मोकळी झाली तर? चहाच्या सुटीत दोनदा त्यांनी तिला बाजूला घेतलं. दोन्ही वेळा, चहा फार गोड केलाय, एवढंच तोंडून निघालं.

आता थेट चारचं कार्ड ठेवावं का, असंही मनात आलं. पानं तेवढी चांगली नव्हती. त्यांनी ‘तीन इस्पिक’ काढलं आणि दोन्ही हातांनी, टेबलाच्या कडेला समांतर, पट्टीनं आखल्यासारखं ठेवलं. ठेवून हात मांडीवर घेतले. सरळ कार्डात सांगण्यासारखं काही नसतं, असं त्यांना वाटलं.

चांदसाहेबांनी कार्डाकडं पाहिलं. कॉलनीत ते वायरमन होते. संध्याकाळी नानासोंच्या खुर्चीमागं उभं राहून खेळ शिकले. पॉइंट कसे मोजायचे ते नानासोंनीच त्यांना मीटरच्या कार्डामागं लिहून दिलं होतं. अर्थ विचारायची सवयही तिथलीच. माहीत असला तरी ते विचारायचे.

“ब्राह्मी, बाळ, ह्या बोलीचा अर्थ काय?”

ब्राह्मीनं आपली पानं खाली ठेवली. विचारलं की काही मागं न ठेवता सांगायचं, ही शिकवणही बाबांचीच होती.

“इस्पिकला साथ आहे, दहा ते बारा पॉइंट,” ती म्हणाली. “आणि कार्ड सरळ आहे, म्हणजे हुकूम तीनच.”

चांदसाहेबांनी बोटानं कार्डाची कड दाखवली.

“आन तिरकं आसतं तर?”

“तर चार.”

“कवापासनं हाय हे?”

“पहिल्यापासून. नानाकाका आणि बाबा असंच खेळायचे ना.” ती नानासोंकडं पाहून हसली. परीक्षेत उत्तर येत असलेला प्रश्न पडल्यासारखी.

नानासोंना मान वर करवेना. सुमैरा आपल्या पानांकडं बघत राहिली.

“इस्लामपूरला फायनलला एका हातानं हरलो आमी,” चांदसाहेब हळू आवाजात म्हणाले. “तवा तुमचं कार्ड तिरकं हुतं, नाना. माज्या ध्यानात हाय. मी म्हनलं, पंख्याचं वारं.”

ब्राह्मीचं हसू मावळलं. आपलं काय चुकलं ते तिला कळेना. ती नानासोंच्या तोंडाकडं बघायला लागली.

“आवं नाना,” चांदसाहेब म्हणाले, “पोर नवी हाय. कायतरी भलतंच ध्यानात धरून बसली आसंल, तर तसं सांगा. मी इसरून जातो.”

एवढं सोपं होतं. पोरीचा गैरसमज झालाय, म्हटलं की झालं. चषकावरचं नाव तसंच राहिलं असतं, त्यांचंही राहिलं असतं. वाटोळं झालं असतं ते फक्त या मुलीचं. बापानं शिकवलेलं ती जसंच्या तसं बोलली होती, आणि खोटी ठरली असती. ती अजून त्यांच्याकडंच बघत होती, मोठं माणूस आपल्या बाजूनं बोलेल या भरवशानं.

नानासोंनी हात वर केला.

“डायरेक्टर.”

पंच उदयसिंह चषकाशेजारच्या टेबलावरून उठून आले. “काय झालं?”

“हिनं सांगितलं त्यातलं अक्षर न् अक्षर खरं हाय,” नानासो म्हणाले. “आमी तसंच खेळत आलो. जिनेंद्र आन मी. लिहून घ्या. फकस्त आज माझ्याकडं चार हायत.”

उदयसिंहांनी एकदा कार्डाकडं पाहिलं, एकदा चषकाकडं, आणि खिशातलं पेन काढलं. शेजारच्या टेबलावरचा खेळ थांबला होता.

“मग कार्ड सरळ का ठेवलंत, काका?” ब्राह्मीनं विचारलं.

चांदसाहेबांनी आपली पानं पालथी ठेवली आणि पाण्याची बाटली नानासोंकडं सरकवली.